ढब्बूची शिकवणी

टीव्हीवर गाय दिसो नाहीतर घोडा, आमचा ढब्बू भुंकून भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. शेवटी बाबांनीच त्याची शिकवणी घेतली. पडद्यावर जनावर आलं की ते म्हणायचे, "सोड रे, ते खरं नाही." ढब्बू टीव्हीकडे पाठ करून बसला की त्याला बिस्किट मिळायचं. पुढे पुढे तर वाघ आला तरी ढब्बू ढिम्म!

मग बाबा दवाखान्यात गेले, ते घरी परतण्यासारखे राहिलेच नाहीत. "एकदा ढब्बूला बघू दे," एवढंच म्हणत राहिले. पण कुत्र्याला तिथे आत कोण सोडणार? शेवटी ताईने त्यांच्यासमोर फोन धरला आणि मी इकडे तो व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावला.

"ढब्ब्या!" बाबांनी हाक मारली. ढब्बू ताडकन उठला, शेपटी हलवत पडद्यापाशी गेला. बाबांचा चेहरा त्याने क्षणभर न्याहाळला. मग टीव्हीकडे पाठ करून बसला आणि माझ्या हाताकडे बघू लागला.





मग बाबाच म्हणाले, "दे रे त्याला बिस्किट. चुकला नाही तो."