साडूंच्या पुढे

"अहो, गाडी न्यूट्रलला टाका!" बायको किंचाळली. त्र्यंबकरावांनी पाय उचलला तरी ॲक्सिलरेटर वर येईना. जन्मात चाळीसच्या वर न गेलेली त्यांची गाडी उधळली होती.

त्यांचा हात गिअरवर गेला आणि तिथेच थबकला. पुढे साडूंची लाल गाडी होती, त्याच लग्नाला निघालेली. दर लग्नात साडू आधी पोहोचत आणि मांडवाच्या दारात विचारत, "काय, बैलगाडीनं आलात?"

रस्ता मोकळा होता. लाल गाडी मागे पडली, तेव्हाच त्र्यंबकरावांनी गाडी न्यूट्रलला टाकली, करकचून ब्रेक दाबला आणि कडेला थांबून इंजिन बंद केलं.

मागून आलेल्या साडूंनी काच खाली केली. "काय हो, काय झालं?"

गाडीची किल्ली काढून घेत त्र्यंबकराव म्हणाले, "काही नाही. तुम्ही दिसेनात, म्हणून थांबलो."