सुलट

“आजपासून तुम्ही सगळे व्यापारी!” प्रल्हादकाकांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि साबणाच्या वड्या खडखडत चहूकडे पसरल्या. “चार हजार वर्षांपूर्वीचे! सिंधू नदीजवळ तुमचं भलंमोठं शहर आहे. विटांची घरं, सरळ रस्ते, सांडपाण्याची गटारंसुद्धा. तुमचा माल होडीत बसून लांबच्या गावाला निघालाय. तो तुमचाच, हे तिथल्या लोकांना कळणार कसं?”

“बारकोड!” मिहीर ओरडला.

“शाब्बास! त्यांचा बारकोड म्हणजे शिक्का. मऊ दगडावर कोरायचा आणि ओल्या मातीवर दाबायचा. आपला दगड म्हणजे हा साबण. चला, कोरा आपापलं नाव!”

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या त्या तळघरातल्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मराठीची शाळा भरायची. निवृत्त इंजिनिअर प्रल्हादकाका शिकवायला घ्यायचे बाराखडी आणि पोचायचे थेट आदिमानवाच्या गुहेत. गेल्या रविवारी त्यांनी माणसाला गुहेतून शेतापर्यंत आणून सोडलं होतं. आज तो शहरात शिरणार होता.

आणि आज सावनीचा शेवटचा दिवस होता. गाडीतच आई म्हणाली होती, “पुढच्या रविवारपासून स्विमिंग. मराठी कॅन्सल करू. एवढा त्रास कशाला करून घ्यायचा, बाळा?”

त्रास असा, की डावखुरी सावनी मराठी लिहायला बसली की अक्षरं उजवीकडून निघायची आणि डावीकडे चालत जायची. सगळी आरशात पाहिल्यासारखी. इंग्रजी हळूहळू वळणावर आलं होतं, मराठी काही ऐकेना. सावनीला त्याचं एवढं वाटत नव्हतं. तिची हळहळ वेगळीच होती. माणूस शहरापर्यंत तर आला. पुढे त्याचं काय झालं, हे आता तिला कोण सांगणार?

तिने टूथपिक उचलली. साबणाची पांढरी सालं निघू लागली, आणि शेवटचा दिवसबिवस ती विसरूनच गेली.

“काका, शी इज डूइंग इट अगेन!” मिहीर तिच्या वडीवर वाकला होता. “सावनी परत बॅकवर्ड्स लिहितेय!”

सावनीने पाहिलं. ‘स’ उजव्या कडेला, वेलांटी पार डावीकडे. तिने पटकन वडी जॅकेटच्या खिशात कोंबली.

“कोरू दे रे तिला,” काका म्हणाले, पण त्यांचं सगळं लक्ष मातीचे गोळे थापण्यात होतं. “आधी माझा शिक्का बघा. काल बसून बसून कोरलाय. मागे सरका! आता चार हजार वर्षं मागे जायचंय!”

त्यांनी वडी मातीवर ठेवली, अंगाचा भार देऊन दाबली आणि अलगद उचलली. सगळी डोकी एकत्र आली.

‘प्रल्हाद’ उलटं उमटलं होतं.

“काका,” मिहीर म्हणाला, “यू डिड अ सावनी!”

हॉल हसण्याने दणाणला. मग प्रत्येकाने आपली वडी दाबून पाहिली. वेद उलटा. स्वानंदी उलटी. मिहीरही उलटाच.

काकांनी कपाळावर हात मारला, तशी तिथे ओल्या मातीची पाच बोटं उमटली. “अरे, जन्मभर मशिनं बनवली आणि एवढं कळू नये मला? शिक्का उलटा कोरावा लागतो रे! तरच ठसा सुलट येतो!”

“सुलट म्हणजे?” स्वानंदीने विचारलं.

“उलटच्या उलट.”

मुलं हवेत बोटं फिरवून आपापलं नाव उलटं लिहू लागली. कुणाला ‘वे’ची मात्रा सापडेना, कुणाचा ‘ह’ मधेच हरवला. सावनीचा हात खिशातल्या वडीवर होता.

तिने वडी बाहेर काढली. वडीला जॅकेटमधले धागे चिकटले होते. ते पुसायलाही न थांबता तिने वडी मातीवर ठेवली, दोन्ही तळव्यांनी दाबली आणि उचलली.

*सावनी.*

वरची रेघ जरा तिरकी होती. पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी. सुलट.

“नो वे,” मिहीर पुटपुटला.

काकांनी मातीचा तो गोळा उचलून सगळ्यांना दाखवला. मग ते म्हणाले, “सावनी, तू तर मोहेंजोदडोची निघालीस गं!”

“काका, त्यांच्या शिक्क्यांवर काय लिहिलंय?”

“ते अजून कुणालाच वाचता आलेलं नाही. आणि हे भलंमोठं शहर ते सोडून का गेले... थांब, ती पुढच्या रविवारची गोष्ट.”

पुढच्या रविवारी तर सावनीचं स्विमिंग होतं.

“माझं आधी!” मिहीरने वडीची कोरी बाजू तिच्यापुढे धरली. “सावनी, प्लीज यार! उलटं लिहून दे ना!” त्याच्यामागे स्वानंदी, तिच्यामागे वेद. बघता बघता रांग लागली.

सावनीने मिहीरकडे पाहिलं. टूथपिक त्याच्याच हातात दिली. “आधी मला सरळ लिहून दाखव,” ती म्हणाली. “मग बघू.”

दारात तिची आई, दीपा, गाडीची किल्ली घेऊन उभी होती. “झालं ना गं? चल, काकांना थँक यू म्हण.”

“दीपा, जरा थांब,” काका कपाळावरच्या मातीसकट हसले. “तुझ्या लेकीकडे गर्दी आहे आज.”

दीपा टेबलापाशी आली. उलट्या नावांच्या गराड्यात एकच नाव सरळ होतं. ते तिने वाचलं. खाली वाकून पुन्हा वाचलं.

मग तिने किल्ली पर्समध्ये टाकली, टेबलावर उरलेली एक वडी उचलली आणि वेदच्या मागे जाऊन रांगेत उभी राहिली.