झाकणातली पिन

थोरली आणि धाकटी, दोघी जावा एकाच कारखान्यात. धाकटी डिझाइनला, थोरली टेस्टिंगला. गाडीच्या एसीचा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर धाकटीचा. घरी सासूबाई, इथे साहेब, सगळ्यांच्या तोंडी तिचंच कौतुक. झाकणातल्या पिनेचं तर विचारूच नका. झाकण उघडलं की वीज बंद. "नसता खर्च," थोरली मीटिंगमध्ये म्हणाली होती. आज तिने रागारागाने स्क्रू काढले, झाकण उपटलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर निसटून थेट विजेच्या दोन टोकांवर आडवा पडला. तेव्हा तिला आठवलं, मेन स्विच चालूच होता. ठिणगीसुद्धा उडाली नाही. धाकटी धावत आली. "ताई, शॉक नाही ना बसला?" थोरलीने हात खिशात कोंबला. "पिन ठीक आहे. झाकणाची कड मात्र बोचते." धाकटीने स्क्रूड्रायव्हर उचलून तिच्यापुढे धरला. "घरी नाही सांगत मी." थोरलीला तेही झोंबलं.