चाकाखालची वीट

मागच्या महिन्यात मी मिस्त्रीवर उखडलो होतो. "ऑइल बदलायला सांगितलं होतं. न विचारता हँडब्रेक कशाला आवळलात? गाडी लावताना चाकाखाली वीट ठेवतो मी!" तो नुसता हसला. आज उतारावर म्हाताऱ्या पिकअपचा ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं. शेजारी बायको, तिच्या मांडीवर लेक, वीट मागे हौद्यात. जीव मुठीत धरून हँडब्रेक ओढला. भिंतीपासून वीतभरावर थांबलो. मिस्त्री आला, गाडीखाली सरपटला. "ब्रेकचा रबरी पाइप टायरला घासून फुटलाय. सगळं तेल गेलं." नवा पाइप बसला, तेल भरलं. मी पेडल दाबत राहिलो, तो खालून पाइपात अडकलेली हवा काढत राहिला. पेडल पायाखाली घट्ट लागलं. त्यानं साळसूदपणे विचारलं, "हँडब्रेक पुन्हा सैल करू?" मी वीट त्याच्या हातात दिली. "यापुढं मला विचारत जाऊ नका, मिस्त्री."