पायाखालचं पेडल

टाळ्या नेहमी धाकट्यालाच. तो लीड गिटार वाजवतो, मी खालचा जाड सूर धरणारी बेस गिटार. सख्खे भाऊ, बारा वर्षं एकाच स्टेजवर. पण कार्यक्रम संपला की लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि कॅमेरा माझ्या हातात देतात. म्हणून मी गुपचूप आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शनचं पेडल घेतलं. पायाने दाबलं की बेस नुसता डरकाळ्या फोडतो. घरी वाजवून पाहिलं तर खिडकीच्या काचा थरथरल्या. कार्यक्रमाआधीच्या साउंड चेकला मात्र मुद्दाम बाहेर काढलं नाही.

कार्यक्रमात धाकट्याचा सोलो सुरू झाला आणि मी पेडल दाबलं. वाटलं होतं, हॉल हादरेल. झालं भलतंच. माझा आवाज त्याच्याच गिटारच्या खरखरीत विरघळला आणि खालचा जाड सूर नाहीसा झाला. गाणं एकदम पोकळ वाजायला लागलं. ड्रमर चाचपडला, धाकट्याची बोटं अडखळली. टाळ्या पडल्या चार-दोन, त्याही ओळखीच्यांच्या.

मी पेडल बंद करून मान खाली घालून उभा. तो घामाघूम होऊन जवळ आला.

"दादा, तुझा बेस कुठे गेला होता? तो खाली नसला ना, की मला वाजवताच येत नाही."

बारा वर्षांत हे पहिल्यांदाच बोलला.

"वायर सैल झाली असेल," मी म्हणालो. "तू बिनधास्त वाजव, मी आहे."

पुढच्या गाण्यात त्याचा सोलो आला. मी अलगद पेडलवर पाय ठेवला आणि पुन्हा दाबलं.