दोघांचा कोन

जीप उंच करून घेतली तेव्हा त्याने ॲक्सलचा कोन दोघांच्या वजनावर बसवला होता. बायको कुरकुरली होती, "मी काय वजनाचं माप आहे?" मग तिच्याऐवजी त्याने सीटवर वाळूची गोणी ठेवली.

ती वारली, गाडी एका माणसाने हलकी झाली आणि गाडीखालचा शाफ्ट घरघरू लागला. आता कोन एकट्याच्या वजनावर बसला तर ठीक, नाहीतर जीप विकायची, असं त्याने ठरवलं.

नवा, लांब शाफ्ट बसला. तो स्टिअरिंगमागे बसला आणि मेव्हणा कोन मोजायला गाडीखाली शिरला.

"दाजी, डाव्या सीटवरची गोणी काढा की. कोन अजून दोघांचाच येतोय."

गोणी भिंतीशी पडली होती. डावी सीट रिकामी होती.

तो इतका थकला होता, की घाबरणंही त्याच्या जिवावर आलं. तो हळूच म्हणाला, "उतर गं जरा."

गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे करकरले. डावी बाजू वर आली.

"आता जमलं," मेव्हणा खालून म्हणाला. "बोल्ट आवळू?"

त्याने रिकाम्या सीटवर हात ठेवला.

पाटे पुन्हा करकरले. या वेळी त्याची बाजू खाली गेली आणि त्याच्या मांडीवर ओळखीचं वजन आलं.