शिशाचा पत्रा

शहात्तर सालचा दसरा नुकताच होऊन गेला होता. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात सकाळपासून एक्स-रे काढून काढून मुकुंदचे पाय भरून आले होते, आणि बाहेरची रांग काही संपत नव्हती.

वैरागकडचा मानसिंग बैलगाडीवरून पडला होता. खुब्याला मार होता. मुकुंदने त्याला टेबलावर निजवलं आणि जांघेवर शिशाचा जड पत्रा ठेवला.

"ह्यो कशाला, सायेब?"

"तिथं किरणं लागू नयेत म्हणून. उद्या लग्न होईल, पोरंबाळं होतील. जपायला हवं." दिवसभर प्रत्येक तरुण पोराला तो हेच सांगत आला होता.

मानसिंगने दाराकडे एक नजर टाकली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "काढा त्यो. काय उपेग न्हाय. गेल्या म्हैन्यात बाजारातनं धरून न्हेलं आन् नसबंदी केली माजी."

"अरे, लग्न झालं नाही म्हणून सांगायचंस की!"

"सांगितलं की. कोन ऐकतंय?"

मुकुंदने थकल्या हातांनी पत्रा उचलला. तेवढ्यात दाराशी थांबलेला मानसिंगचा म्हातारा बाप आत डोकावला.

"सायेब, त्यो काढू नगा! पोराबाळांसाटी हाय म्हनला न्हवं तुमी? तुळशीचं लगीन झालं की ह्येचाबी बार उडवायचाय. पोरगी बगून ठिवलीया."

मानसिंगने मुकुंदचं मनगट धरलं आणि पत्रा पुन्हा जागेवर टेकवला.

"असू द्या," तो पुटपुटला. "आप्पाला अजून म्हाईत न्हाय."